अरेबिका, रोबस्टा आणि दुकानातल्या पाटीवरची बाकीची नावं

प्रश्न असा आला आहे: घरी रोज दुधाची कॉफी होते, कधी फिल्टरची, कधी जायफळ घालून पातेल्यात उकळलेली. दुकानात गेलं की प्लँटेशन ए, पीबेरी, रोबस्टा चेरी, मान्सून्ड मलबार अशा पाट्या दिसतात, आणि ऑनलाइन बघावं तर प्रत्येक पाकिटावर ‘शंभर टक्के अरेबिका’ ठळक अक्षरांत छापलेलं. मग रोबस्टा म्हणजे हलका माल का? पीबेरीला जास्त पैसे द्यावेत का? या बियांमध्ये खरा फरक काय?

मी पुण्यात कॉफी भाजतो, आणि माझा कच्चा माल मुख्यतः चिकमगळूर आणि कूर्गकडून येतो. आधी थेट उत्तर देतो, कारणं मग. अरेबिका चांगली आणि रोबस्टा वाईट ही वाटणी चुकीची आहे. जात ही दाण्याची पहिली ओळख झाली. कपात उतरणारी चव त्याखेरीज दोन गोष्टींवर ठरते: फळ तोडल्यावर त्याचं काय केलं, आणि दाणा किती भाजला. दुधाची कॉफी होणाऱ्या घरात तर चांगल्या रोबस्टाला मानाची जागा हवी. पाकिटावरच्या ‘शंभर टक्के अरेबिका’ला भुलून लोक महागडा माल नेतात, त्यात अर्धा लिटर दूध ओततात, आणि ‘कॉफीला चवच नाही’ म्हणत परत येतात. दोष त्या कॉफीचा नसतो, जोडी चुकलेली असते.

आता जातींकडे वळू. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॉफीच्या शंभरावर जाती नोंदवल्या आहेत, पण बाजारात येणारा जवळजवळ सगळा माल दोनच जातींचा. जगात ढोबळमानाने 60 टक्के अरेबिका आणि 40 टक्के रोबस्टा. भारतात हे चित्र उलटं आहे, आपलं सुमारे 70 टक्के पीक रोबस्टाचं. अरेबिका मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांतली. रोबस्टा, जिचं शास्त्रीय नाव कॅनेफोरा, ती मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सखल, दमट जंगलांतली. रोबस्टाला नाक मुरडणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. अरेबिका स्वतः एका नैसर्गिक संकरातून जन्मली आहे आणि तिच्या आईबापांपैकी एक कॅनेफोराच आहे. दुसरी बाजू युजेनिऑइडिस नावाच्या, पूर्व आफ्रिकेतल्या कमी कॅफीनच्या जातीची. म्हणूनच अरेबिकात 44 गुणसूत्रं सापडतात आणि रोबस्टात 22.

या जन्मकथेचा परिणाम मळ्यात रोज दिसतो. अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे तिच्यात वैविध्य फार कमी राहिलं. एखादा रोग आला की सगळं शिवार एकदम आडवं होतं. तांबेरा, म्हणजे पानांवर पडणारा बुरशीचा रोग, तिचा जुना शत्रू. भारतात त्याच्या जोडीला पांढरा खोडकिडा आहे, जो झाड आतून पोखरतो आणि शेतकऱ्याला ते मुळापासून उपटून जाळावं लागतं. रोबस्टाला फळ धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून तिचं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं, आणि रोगाला तोंड देण्याची ताकद जास्त असते. मात्र तिचा सगळा हंगाम फुलोऱ्याच्या पावसावर लटकलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो वेळेवर पडला नाही की कळ्या तशाच सुकतात. म्हणून कूर्गमधले मळेवाले उन्हाळ्याच्या तोंडावर तळ्यातलं पाणी उपसून तुषार सिंचनाने पावसाचं काम करून घेतात.

उंचीचाही फरक आहे. आपल्याकडे चांगली अरेबिका 1000 ते 1500 मीटरवर, 15 ते 25 अंश तापमानात होते. रोबस्टा 500 ते 1000 मीटरवर, जास्त उष्ण आणि दमट हवेत खूश असते. उंचीवर गारव्यामुळे फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट भरतो, आणि चवीत आंबटगोड खेळ येतो. भारतीय कॉफीची एक बाजू मला विशेष मोलाची वाटते. आपली जवळजवळ सगळी कॉफी सावलीत वाढते. सिल्व्हर ओक, पांगारा, फणस यांच्या छायेत झाडं उभी असतात आणि त्या मोठ्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. ब्राझीलच्या उघड्या, यंत्राने तोडणी होणाऱ्या माळांशी याची तुलनाच होत नाही. आपल्या महाराष्ट्रात कॉफी होते ती मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, सातपुड्यात सुमारे 1100 मीटर उंचीवर. पीक थोडं आहे, पण विदर्भातल्या माणसांनी तिकडे गेल्यावर ती झाडं बघावीत आणि फळ हातात घेऊन फोडावं. आत समोरासमोर चिकटून बसलेले दोन दाणे एकदा पाहिले की पुढचं बरंच काही आपोआप समजतं.

आता एका ताटात दोन मुठी कच्चा माल ओता. डावीकडे चिकमगळूरची धुतलेली (साल आणि गर काढून मग वाळवलेली) अरेबिका, उजवीकडे कूर्गची रोबस्टा चेरी, म्हणजे फळासकट वाळवलेली रोबस्टा. अरेबिकाचा दाणा लांबट आणि चपटा, रंग निळसर झाक असलेला हिरवा-करडा, आणि मधली खाच नागमोडी. रोबस्टाचा दाणा आखूड, गोलसर, पिवळट-तपकिरी, आणि खाच बहुतेक सरळ. वास घ्या. अरेबिकाला ताज्या गवताचा, ओल्या मटारच्या शेंगेचा वास येतो, तर रोबस्टाला पोत्याचा, धान्याच्या कोठाराचा. भाजल्यावर रंगाने फसायला होतं, कारण दोन्ही तपकिरीच. पण आकार आणि खाच बदलत नाही. आणखी एक खूण सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. भाजलेल्या दाण्याच्या खाचेत अडकलेला पापुद्रा पांढुरका दिसला तर माल धुतलेला आहे, आणि तोही काळपट तपकिरी झाला असेल तर फळासकट वाळवलेला. प्रक्रियेचा मुद्दा पुढे सविस्तर येतोच.

चवीतला फरक दाण्याच्या आतल्या मालमसाल्यातून येतो. कोरड्या वजनावर अरेबिकात साधारण 1.2 टक्के कॅफीन, रोबस्टात 2.2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट. कॅफीन ही झाडाची किड्यांविरुद्धची ढाल आहे आणि खाली, उष्ण हवेत, जिथे किडे जास्त तिथे वाढणाऱ्या झाडाला ती जास्त लागते. साखरेत अरेबिका पुढे, 6 ते 9 टक्के, तर रोबस्टात त्याच्या निम्म्याच्या जवळपास. तेलाचा अंश अरेबिकात 15 टक्क्यांच्या वर, रोबस्टात 10 च्या आसपास. उलट क्लोरोजेनिक आम्लं रोबस्टात जास्त असतात, आणि गडद भाजणीत तीच फुटून कडवटपणा देतात. नाव आम्लाचं असलं तरी जिभेला जाणवतो तो कडूपणा. अरेबिकाची साखर आणि तेल भाजताना सुगंधात बदलतं, म्हणून तिच्या कपात फुलं, लिंबू, मध, सुका मेवा असे पदर सापडतात. रोबस्टाचा कप सरळ असतो: कडसर, दाट, कोकोच्या पुडीसारखा कोरडा, आणि चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते.

ज्यांना संध्याकाळच्या कॉफीने झोप लागत नाही त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. 10 ग्रॅम अरेबिकाच्या पुडीत सुमारे 120 मिलिग्रॅम कॅफीन आहे, तेवढ्याच रोबस्टात सुमारे 220. भाजणी गडद केली म्हणून यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. ‘काळी भाजलेली कॉफी जास्त कडक’ असं म्हणतात ते चवीपुरतं खरं, कॅफीनपुरतं नाही.

भारतात या दोन जाती कशा आल्या हे ठाऊक असलं की पाट्यांवरची नावं सोपी होतात. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. ती अरेबिका होती आणि पुढे इंग्रजांचे मळे तिच्यावरच उभे राहिले. मग 1869 मध्ये सिलोनमध्ये तांबेरा दिसला. काही वर्षांत तिथली कॉफी इतकी बसली की सगळं बेट चहाकडे वळलं. हा रोग आपल्याकडेही आला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खालच्या उंचीवर रोबस्टा लावली जाऊ लागली. रोबस्टाच्या त्या प्रवेशामागे चवीचा विचार नव्हता, मळे जगवण्याची धडपड होती. तिच्यावर ‘हलकी’ असा शिक्का बसला त्याचं एक कारण मला यातच दिसतं. गरजेपोटी आणलेल्या पिकाची तोडणी आणि वाळवण कुणी मन लावून केलीच नाही. हिरवी, पिकलेली, काळी पडलेली फळं एकाच फांदीवरून ओरबाडली, अंगणात पसरली, आणि जे निघालं ते पोत्यात भरलं. अशी तोडणी अरेबिकाची केली तर तीही तितकीच वाईट लागेल.

चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला 1925 पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. त्या केंद्राने तांबेऱ्याशी झुंजत जे वाण काढले त्यांची नावं पाकिटांवर दिसतात. एस 795 हा त्यातला माझा सगळ्यात आवडता. केंट हा जुना भारतीय वाण आणि लिबेरिका या कॉफीच्या आणखी एका जातीचं रक्त असलेली एस 288 यांच्या संकरातून तो आला. याच्या कपात हलका मसालेदारपणा असतो, शेवटी कोकोची चव येते, आणि आंबटपणा अंगावर येत नाही. म्हणून तो आपल्या दुधाच्या कॉफीलाही चालतो आणि कोऱ्या कॉफीलाही. सिलेक्शन 9 मध्ये इथिओपियाच्या वाणाचा अंश आहे आणि चव जास्त फळांकडे, फुलांकडे झुकते. ती कोरीच प्यावी. कावेरी आणि चंद्रगिरी या बुटक्या, भरघोस पिकाच्या झाडांमध्ये तिमोर बेटावर आढळलेल्या अरेबिका-रोबस्टा संकराचं रक्त आहे. म्हणजे ‘शंभर टक्के अरेबिका’ लिहिलेल्या पाकिटातही रोबस्टाचा वारसा असतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, त्याच वारशाने मळे वाचवले. रोबस्टात सी बाय आर हा वाण लक्षात ठेवा. काँजेन्सिस जातीशी केलेला हा संकर. याचा दाणा मोठा आणि चव मऊ. पाकिटावर हे नाव दिसलं तर मी निःशंक घ्या म्हणेन.

परदेशातल्या बिया आता आपल्याकडेही मिळतात, म्हणून दोन शब्द. केनियाच्या एसएल 28 मध्ये ब्लॅककरंटसारखा धारदार आंबटपणा असतो. गेशा हा इथिओपियाचा वाण 2004 मध्ये पनामाच्या स्पर्धेत गाजला आणि तेव्हापासून त्याच्या किमती आकाशाला भिडल्या. चमेलीचा वास त्यात खरोखर येतो. पण हे सगळं बिनदुधाच्या कॉफीचं जग आहे. दूध घालायचं असेल तर हे पैसे वाचवा.

आता प्रक्रिया, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण दुकानातल्या पाट्यांचा अर्धा गोंधळ इथला आहे. भारतीय बाजारात ‘प्लँटेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका. ‘अरेबिका चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली अरेबिका. ‘रोबस्टा पार्चमेंट’ म्हणजे धुतलेली रोबस्टा, आणि ‘रोबस्टा चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली रोबस्टा. एवढी चार नावं पाठ झाली की कॉफीच्या कुठल्याही दुकानात तुम्ही दुकानदाराशी त्याच्या भाषेत बोलू शकता.

धुतलेल्या प्रकारात फक्त पिकून लाल झालेली फळं निवडून तोडतात आणि त्याच दिवशी पल्परमधून काढतात. साल निघते, पण दाण्याभोवती चिकट गर राहतो. हौदात तो आंबवून सोडवतात, अरेबिकाला साधारण दीड दिवस पुरतो. रोबस्टाचा गर जाड आणि चिवट, त्याला जास्त वेळ लागतो किंवा यंत्राने घासून काढावा लागतो. मग स्वच्छ पाण्याने धुवून, टरफलासकट उन्हात वाळवतात. त्या कडक टरफलाला पार्चमेंट म्हणतात. हौदातून मूठभर दाणे काढून चोळले की ते खड्यांसारखे खरखरीत लागले पाहिजेत. बुळबुळीत लागले तर आंबवणं अजून पुरं झालेलं नाही, आणि वेळ टळून गेली तर व्हिनेगरसारखा वास दाण्यात शिरतो, जो कितीही भाजलं तरी जात नाही. या एका पायरीवर चांगला मळा आणि ढिसाळ मळा वेगळा होतो. धुतलेल्या कॉफीचा कप स्वच्छ लागतो, तिच्यातला आंबटगोडपणा स्पष्ट कळतो.

चेरीमध्ये फळ तसंच अंगणात वाळतं, नेहमी वर-खाली करावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. वाळताना गराची गोडी दाण्याला लागते. नीट केलं तर कप जाड, गोड, पिकल्या फळांच्या वासाचा होतो. ढिलाई झाली तर मातकट. पूर्वीपासून आपल्याकडे चेरी हा उरलेल्या मालाचा प्रकार समजला गेला, पण आता काही मळे पिकलेली फळंच निवडून, उंच मंचावर वाळवून अप्रतिम चेरी करतात. मधलाही एक प्रकार आहे: साल काढायची, पण गर ठेवून वाळवायचं. पाकिटावर त्याला ‘हनी’ म्हणतात. मधाचा त्यात काही संबंध नसतो.

यावरून एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. निवडून तोडलेल्या फळांची, नीट धुतलेली रोबस्टा पार्चमेंट ही कशीबशी वाळवलेल्या अरेबिका चेरीपेक्षा कधीही सरस. भारताची धुतलेली रोबस्टा इटलीचे एस्प्रेसोवाले वर्षानुवर्षं घेतात, कारण कपावरचा तो दाट सोनेरी फेस आणि अंगाचा, म्हणजे तोंडात जाणवणारा, भरदारपणा तिच्याशिवाय येत नाही. तिची सगळ्यात निवडक प्रत ‘रोबस्टा कापी रॉयल’ या नावाने विकली जाते. मिळाली तर सोडू नका.

मग ए, बी, एए, पीबी ही अक्षरं काय? ही दाण्याच्या आकाराची प्रतवारी आहे. क्युरिंग वर्क्समध्ये टरफल काढल्यावर दाणे चाळण्यांवरून जातात. प्लँटेशन ए म्हणजे 6.65 मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा, एए त्याहून मोठा, बी लहान, आणि सी मध्ये बारीक व तुटका माल. मोठ्या दाण्याचा फायदा असा की सगळे दाणे एकसारखे भाजले जातात. चव आकाराने वाढत नाही. चांगल्या मळ्याची प्लँटेशन बी सामान्य मळ्याच्या ए पेक्षा स्वस्त आणि चविष्ट असू शकते.

पीबी म्हणजे पीबेरी, आणि तिच्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. एरवी फळात दोन दाणे समोरासमोर वाढतात म्हणून त्यांची एक बाजू सपाट असते. कधी एकच दाणा धरतो, त्याला सगळी जागा मिळते आणि तो वाटाण्यासारखा गोल होतो. झाडावरच्या फळांपैकी 5 ते 10 टक्के अशी निघतात. ती वेगळी जात नाही आणि वेगळा वाणही नाही, त्याच झाडाची फळं आहेत. गोल असल्यामुळे भाजताना ड्रममध्ये छान फिरते आणि एकसारखी भाजली जाते. ‘एका दाण्यात दोघांची चव’ वगैरे जे सांगतात त्यावर पैसे खर्च करू नका. त्याच मळ्याची प्लँटेशन ए आणि पीबेरी यांच्या भावात थोडा फरक असेल तर हरकत नाही. मात्र नुसतं ‘पीबेरी’ लिहिलं असेल तर आधी विचारा, अरेबिकाची की रोबस्टाची? दोन्हींची मिळते आणि चव अगदी निराळी असते.

मान्सून्ड मलबार हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा अस्सल प्रकार. शिडाच्या जहाजांच्या काळात कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोचायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेत दाणे फुगत, पिवळे पडत, आंबटपणा निघून जाई. सुएझ कालवा झाला, आगबोटी आल्या, माल लवकर आणि हिरवागार पोचू लागला, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव आठवू लागली. म्हणून मंगळूरच्या आसपास, जून ते सप्टेंबर, बाजूंनी उघड्या गोदामांत अरेबिका चेरीचे दाणे पसरून ठेवू लागले, आणि ते काम आजही तसंच चालतं. दाणे नियमित फावड्याने हलवतात, मग पोत्यांत सैल भरून थप्पीत वारा खेळेल अशी जागा ठेवतात, आणि पुन्हा उपसतात. दाणा फुगून जवळपास गवती पिवळा होतो. कपात आंबटपणा नावाला उरतो, पण अंग भारी, चव मातीची आणि मसाल्याची. ज्यांच्या पोटाला कॉफीचा आंबटपणा सोसत नाही त्यांनी ही घेऊन बघावी. भाजणाऱ्याला मात्र ती जपून हाताळावी लागते. दाण्याचा मूळ रंगच वेगळा असल्याने फक्त रंग बघून भाजलं की अंदाज हमखास चुकतो.

लिबेरिका आणि एक्सेल्सा या उरलेल्या जाती भारतात नावापुरत्या आहेत. कूर्गकडे काही मळ्यांच्या बांधावर त्यांची उंच, मोठ्या पानांची झाडं दिसतात. लिबेरिकाचा दाणा मोठा, वाकडा आणि एका टोकाला निमुळता असतो, आणि तिच्या वासात फणसाचे पिकले गरे जाणवतात. मलेशिया आणि फिलिपिन्समध्ये तिला चांगली गिऱ्हाइकी आहे. आता उष्णता वाढत चालली आहे, म्हणून शास्त्रज्ञ या दोन्हींकडे नव्याने बघत आहेत. तुमच्या रोजच्या खरेदीत त्यांचा प्रश्न फारसा येणार नाही.

भाजणीबद्दल थोडक्यात. धुतलेली, उंचीवरची अरेबिका मध्यम किंवा त्याहून हलकी भाजली तर तिचे पदर टिकतात, काळी केली की तिच्यातलं आणि साध्या कॉफीतलं अंतर संपतं. रोबस्टाचं उलट आहे. हलकी भाजली तर ती कच्च्या शेंगदाण्यासारखी लागते, तिला मध्यम-गडद भाजणी हवी. म्हणून दोन्हींचं मिश्रण करायचं असेल तर वेगळं भाजून मग मिसळणारा दुकानदार शोधा. एकत्र टाकून भाजल्यावर एकीला न्याय मिळतो, दुसरीवर अन्याय होतो.

चिकोरी ही कॉफीची बी नव्हेच, ते भाजलेलं मूळ आहे. तिच्यात कॅफीन नसतं, तिने कॉफीच्या काढ्याला (डिकॉक्शनला) रंग आणि दाटपणा येतो. कायद्याने कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते बारीक अक्षरांत असतं, तेवढं वाचा. सुटी पूड घेत असाल तर पेलाभर गार पाण्यावर चिमूटभर टाकून बघा. कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी लगेच तपकिरी रेघा सोडत तळाला जाते. मला स्वतःला फिल्टरच्या कॉफीत 10-15 टक्के चिकोरी चालते. त्यापुढे चव तिचीच लागते, कॉफीची नाही.

आता तुमच्या घरापुरतं. दुधातली प्रथिनं कॉफीतला कडूपणा बांधून ठेवतात आणि अरेबिकाचा नाजूक आंबटपणाही झाकतात. म्हणून दुधात टिकायला कॉफीला अंग हवं, आणि ते रोबस्टा देते. स्टीलच्या किंवा पितळी फिल्टरसाठी मी 65 टक्के प्लँटेशन ए (शक्यतो एस 795) आणि 35 टक्के रोबस्टा पार्चमेंट सांगेन, दोन्ही मध्यम-गडद, दळण मध्यम-बारीक. अगदी पिठासारखं दळलंत तर काढा थेंबथेंबही उतरणार नाही. जायफळाच्या कॉफीला गणित बदलतं. तिथे दूध जास्त, साखर जास्त, वर जायफळ किंवा वेलदोडा, आणि पूड दुधात उकळते. उकळल्यावर फुलांचे वास उडून जातात, म्हणून त्यात महागडी हलकी भाजलेली अरेबिका घालणं म्हणजे पैसे वाया. निम्मी रोबस्टा पार्चमेंट आणि निम्मी एस 795 घ्या. एस 795 चा मसालेदार सूर जायफळाशी जमतो. कधीतरी मान्सून्ड मलबारही करून बघा. दूध आधी उकळू द्या, पूड शेवटी घाला, एक उकळी आली की झाकण ठेवून आच बंद करा, आणि जायफळ गाळून झाल्यावर कपात किसा. पुडीसोबत उकळलं की ते कडवट होतं.

कोरी पिणार असाल तर मात्र धुतलेली अरेबिका, मध्यम भाजणी, एकाच मळ्याची. बाबाबुडनगिरी, चिकमगळूर, कूर्ग आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला, तसंच वायनाडच्या रोबस्टाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अराकूत पूर्व घाटातले आदिवासी शेतकरी छोट्या तुकड्यांवर कॉफी काढतात. गोड, हलकी अरेबिका चाखायची असेल तर तिथून सुरुवात करा.

भावाचं एक सांगायला हवं. रोबस्टा स्वस्त म्हणून वापरतात, हा समज आता तितकासा खरा राहिलेला नाही. व्हिएतनामच्या दुष्काळानंतर 2024 मध्ये रोबस्टाचे भाव जगभर विक्रमी पातळीवर गेले, आणि त्या वर्षी चांगली धुतलेली रोबस्टा साध्या अरेबिकाच्या बरोबरीने पैसे घेत होती. कूर्गच्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला तरच तो लाल फळं निवडून तोडण्याची मजुरी देऊ शकेल. दुकानदाराने रोबस्टाच्या मालाला जरा जास्त पैसे सांगितले तर आधी तो पार्चमेंट आहे का, कुठल्या मळ्याचा, कधी भाजला, एवढं विचारा, आणि उत्तरं नीट आली तर ते पैसे द्या.

पहिल्यांदा पाव किलो प्लँटेशन ए आणि पाव किलो रोबस्टा पार्चमेंट वेगवेगळी आणा, मिश्रण नको आणि चिकोरीही नको. दोन्हींचा काढा एकाच मापाने वेगवेगळा करा. आधी थोडा कोरा चाखा, मग दूध घालून, मग दोन्ही काढे चमच्याने मोजून वेगवेगळ्या प्रमाणात मिसळा. घरातल्या प्रत्येकाला कुठलं प्रमाण आवडतं ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी दुकानदाराला तेच सांगा. भाजल्याची तारीख महिन्याभरातली असावी, दाणे घेऊन घरी दळता आले तर उत्तम. पूडच आणणार असाल तर पंधरा दिवसांत संपेल एवढीच आणा, हवाबंद डब्यात ठेवा, आणि तो डबा गॅसच्या शेगडीपासून लांब असू द्या.